दाजींची पिकअप आणि माझे कान

दाजी,

तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि परवा तुमच्या गाडीची बॅटरी उतरली. उभी गाडी रोज पाच मिनिटं तरी सुरू ठेवायची असते, हे मला माहीत होतं. तुम्हीच दहा वेळा सांगितलं होतं. पण त्या गाडीच्या चावीला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. शेवटी शेजारचा रिक्षावाला स्टिअरिंगवर बसला, गल्लीतल्या सहाजणांनी धक्का मारला आणि खाडीच्या पुलापर्यंत ढकलल्यावर तिने एकदाची साथ दिली. सगळे घाम पुसत परत फिरले. मी तिथेच मान तिरपी करून उभा राहिलो आणि तिचा आवाज ऐकत बसलो. ऐकून सांगायचं कोणाला, हे मात्र नंतर लक्षात आलं.

श्रद्धांजलीत काय लिहितात ते मला ठाऊक आहे. शाळेत असले दोन-चार मजकूर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. कष्टाळू, मनमिळाऊ, कधीही भरून न येणारी पोकळी. तुमच्याबद्दल मी असं लिहिलं असतं, तर तुम्ही कागद उलटसुलट करून विचारलं असतं, "मास्तर, हाई कोनं शे?" हे कोणाचं आहे? म्हणून तसलं काही लिहीत नाही. तुमचं-माझं जे काही नातं होतं ते माझ्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नाने जुळलं खरं, पण झालं त्या पिकअपच्या केबिनमध्ये. तेव्हा गाडीबद्दलच लिहितो. त्यात एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तुम्हाला जिवंतपणी सांगितली नाही. ती सांगायचा धीर पहिल्याच पानावर होत नाहीये, म्हणून जरा लांबून येतो.

सुरतच्या उधन्यातल्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, तुम्ही चौदा वर्षं काढलीत. प्लेगच्या वर्षी लिंबायतमधली आपली निम्मी वस्ती रातोरात खानदेशात पळाली, तेव्हा टेम्पोवाल्यांनी माणसामागे जे भाडं घेतलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. इतर लोक त्यांना शिव्या देत होते. तुम्ही गप्प बसून विचार करत होतात. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही खातं सोडलं, गावची दोन बिघे जमीन भावाला विकली आणि कोरी करकरीत पिकअप गल्लीत आणून उभी केली. लायसन्स तुमच्याकडे आधीपासून होतंच, शेठचा टेम्पो तुम्ही कधीमधी चालवायचात.

नवी गाडी म्हणजे कटकट नाही, असं तुम्हाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. शोरूमवाल्याने सांगितलेली किंमत म्हणजे नुसती सुरुवात आहे, हे दोघांनाही पुढच्या आठवड्यात कळलं. टॅक्स वेगळा, विमा वेगळा, परमिट वेगळं. मागचा हौदा नुसताच उघडा, त्याला लोखंडी कमानी आणि ताडपत्री वेगळी. पुढचं गार्ड, मागची साखळी, नंबर रंगवणारा पेंटर, गल्लीला पेढे. तुम्ही प्रत्येक वेळी माझ्याकडे अशा नजरेने बघायचात, जणू कंपनी माझ्या मामाची आहे. कारण गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचं काम माझं होतं.

त्या पुस्तकावरूनच आपलं पहिलं भांडण झालं. पहिले काही महिने गाडी अर्ध्या वजनावर चालवा, पाट्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये, बदल करू नका, नाहीतर फुकट सर्व्हिस मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते तुम्हाला दोनदा समजावलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या चाकांवर एकेक जादा पाटा ठोकून आलात. मी तोंड फिरवलं तर म्हणालात, "पुस्तक लिखनारानी सुरतनं पार्सल उचलेल शे का?" वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा मी त्याचा राग दोन दिवस मनात धरून बसलो. फुकट सर्व्हिस अर्थातच गेली. तुम्ही त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाहीत. मी मात्र चार वेळा आठवण करून दिली, कारण माझा स्वभावच तसा आहे.

पण तुमचं त्या गाडीवर जे प्रेम होतं, ते आठवलं की आजही हसू येतं. पहिला महिनाभर केबिनमध्ये चपला घालून बसायची बंदी होती. रिंग रोडच्या कापड मार्केटमधले शेठसुद्धा तुमच्या धाकाने बूट हातात घेऊन बसले आहेत. सीटवरचं प्लास्टिक तुम्ही वर्षभर काढलं नाहीत. सुरतच्या उन्हात ते असं तापायचं की उतरताना शर्ट पाठीला चिकटायचा आणि प्लास्टिक शर्टाला. आक्का म्हणायची, "सीट नवी राह्यनी, माणसं जुनी व्हयनीत." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

खरा प्रकार मला कळला तो सेल्फमुळे, म्हणजे स्टार्टरमुळे. दिवाळीनंतर एकदा आपण शाळेची बाकं न्यायला गेलो होतो. गाडी सुरू होती, इंजिन चालू होतं, आणि तुम्ही बोलता बोलता पुन्हा चावी फिरवली. चालत्या इंजिनवर सेल्फ मारला की जो किर्रर्र आवाज होतो, तो ऐकून माझे दात आंबले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तुमच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. तुम्ही थोडं थांबलात आणि परत चावी फिरवायला लागलात, तेव्हा मी तुमचा हात धरला. नव्या गाडीचा सेल्फ दोन महिन्यांत दोनदा का गेला, याचं कोडं हसमुखभाई मेकॅनिकला सुटत नव्हतं. मला त्या क्षणी सुटलं. लूमच्या खडखडाटात चौदा वर्षं ज्या माणसाने काढली, त्याला नव्या गाडीचं इंजिन चालू आहे की बंद, हेच कळत नव्हतं.

"दाजी, तुम्हले ऐकू येत नही?" मी विचारलं.

तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. खात्यातली सगळी माणसं तशीच बोलतात, ओठ बघून आणि हात हलवून. म्हणून तर इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. "लूमवर राह्येल मानूसले ऐकू येत नही, मास्तर," तुम्ही म्हणालात. "समदासनं तेच शे. कोनी सांगत नही, इतलंच." आणि मग जरा थांबून, "तू बी कोन्हले सांगू नको. पार्टीसले समजनं तं माल कोन देई?"

मी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. लायसन्स देताना डोळे तपासले होते, कान कोणी तपासले नव्हते. तुमच्या बाजूने बघितलं तर चौदा वर्षांनी हाताला लागलेली एकच चांगली गोष्ट तुमच्याकडून काढून घेणारा मी कोण? आणि रस्त्यावरच्या पोरासोरांच्या बाजूने बघितलं तर माझी झोप उडायची. मी मधला मार्ग काढला. मास्तर लोक नेहमी मधला मार्ग काढतात.

दर रविवारी मार्केट बंद असायचं. सकाळी तुम्ही गाडी धुवायची, डिझेल भरायचं आणि मला घेऊन उधन्यापासून नवसारी रस्त्याने एक फेरी मारायची. तुम्ही चालवायचं, मी ऐकायचं. चालवताना तुम्हाला माझे ओठ बघता येणार नाहीत, म्हणून आपण खात्यातल्या खुणा घेतल्या. पंजा आडवा, सपाट, म्हणजे सगळं ठीक. मूठ म्हणजे थांबा. बोट ज्या बाजूला, त्या बाजूने हॉर्न येतोय. तीन खुणांत आपली भाषा झाली. पंख्याचा पट्टा ओरडतो तेव्हा कसा ओरडतो, क्लचवर पाय ठेवून चालवलं की कसा वास येतो आणि मग कशी कुरकुर होते, पाट्यांचे नट पहिल्या महिन्यातच सैल होऊन कसे टकटकतात, सायलेन्सरचं भोक कुठे बोलतं, हे मी तुमच्यामुळे शिकलो. मराठीच्या तासाला फळ्याकडे वळलो की मागून कुठला मुलगा काय करतोय हे मला आवाजावरून कळायला लागलं, तेही तुमच्यामुळेच. मुलं मला त्यासाठी अजून घाबरतात.

तुम्हीही शिकलात. चावी फिरवण्याआधी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचा, थरथर लागली तर इंजिन चालू आहे. त्यानंतर सेल्फ कधी गेला नाही. पुढच्या श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला आपल्या गल्लीची कानबाई तुमच्या गाडीतून तापीवर गेली, तेव्हा मागे डफ-ढोल वाजत होते, बाया नाचत होत्या, हौदा हलत होता, आणि तुम्ही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून हसत होतात. "आज माले समदं ऐकू यी ऱ्हायनं," तुम्ही म्हणालात. ढोल तुमच्या हातांना लागत होता. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

परत येताना खाडी फुगून रस्त्यावर आली होती. रिक्षा बंद, बस बंद. तुम्ही वीस-पंचवीस बायका-पोरांना गुडघाभर पाण्यातून दोन खेपांमध्ये कोरड्या पायांनी घरी आणलंत आणि कोणाकडून एक पैसा घेतला नाही. पुस्तकात लिहिलं होतं, गाडी पाण्यातून काढली तर चाकांचे हब उघडून नवं ग्रीस भरून घ्या. मी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या सोमवारी. मग सणासुदीचा माल सुरू झाला आणि तो सोमवार आलाच नाही. नवीन गाडी आहे, तिला काय होतंय, असं आपण दोघेही म्हणालो.

आता ती गोष्ट.

दिवाळीच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षावाला मागून हॉर्न मारत होता. मी शाळेतून येत होतो, मला लांबून ऐकू येत होतं. तुम्ही एकटे होतात, तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही वळलात आणि तो सरळ तुमच्या बाजूला घासला. कोणाला लागलं नाही, त्याचा आरसा फुटला, तुमच्या दाराला चरा पडला. पण रिक्षात मागे एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. ते मूल पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तुमच्या घरी येऊन मी आक्कासमोर तुम्हाला सुनावलं. ड्रायव्हर ठेवा, नाहीतर मी स्वतः जाऊन सांगतो की ह्यांना ऐकू येत नाही.

तुम्ही पांढरे पडलात. "ड्रायव्हर ठेवस तं मी काय करू? परत खात्यामा जाऊ?" मी म्हणालो, त्याला मी काय करू. मग तुम्हीही तोंड सोडलं. "तू पोरेस्ले शिकाड. सायकल चालाडनारानी माले गाडी शिकाडू नही." दारात चार शेजारी जमले होते. ते हसले. तुम्ही बोललात ते इतकं वाईट नव्हतं. त्यांचं हसणं मला लागलं.

त्या रविवारी तुम्ही नेहमीप्रमाणे गाडी घेऊन दारात आलात. माफी नाही, काही नाही, नुसती मानेने खूण की बस. मी बसलो, पण फुगून बसलो. उधना सोडलं आणि गाडीने वेग घेतला तसा डाव्या पुढच्या चाकातून एक आवाज यायला लागला. बारीक, घूं असा, वेगाबरोबर वाढणारा आणि वेग कमी केला की विरणारा. इतक्या रविवारांनंतर तो काय आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. चाकाचं बेअरिंग होतं. तुम्ही हनुवटी हलवून विचारलंत, कसं आहे?

मी पंजा आडवा धरला. सपाट.

मी काय विचार करत होतो ते जसंच्या तसं लिहितो. एकदा ही गाडी मोठ्या खर्चाला बसू दे, दहा दिवस उभी राहू दे, म्हणजे ह्या माणसाची रग जिरेल आणि तो माझं ऐकेल. ड्रायव्हर ठेवेल. मी तुमच्या भल्याचंच करतोय, असंही मी स्वतःला सांगितलं. पण त्याच्या तळाशी ते शेजाऱ्यांचं हसू होतं, दाजी. पुढच्या रविवारी आवाज मोठा झाला होता, आता त्यात खरखर होती. तुम्ही परत विचारलंत. मी परत पंजा आडवा धरला. मुलं खोटं बोलली तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करतो.

त्यानंतरच्या मंगळवारी बारडोली रस्त्यावर तुमचं ते चाक गेलं. एसटीडी बूथवरून निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होतो. निरोप एवढाच होता की दाजींच्या गाडीचं चाक निखळलं. पुढचं काही नाही. मी आणि हसमुखभाई बसने निघालो. तो दीड तास मी कसा काढला ते मी कोणाला सांगू शकणार नाही. मी देवाशी सौदे केले, जे मी कधी करत नाही.

तुम्ही रस्त्याच्या कडेला धडधाकट बसून ऊस खात होतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग पुढे चालली होती. त्यांना ओलांडायला जागा नाही, म्हणून तुम्ही तासभर बैलांच्या चालीने मागून येत होतात. चाक डगमगलं, कलंडलं आणि गाडी तिथेच बसली. साड्यांची पार्सलं जागची हललीसुद्धा नाहीत. "मास्तर, बैलेस्नी वाचाडं माले," तुम्ही म्हणालात आणि हातातलं उसाचं कांडं मला दिलंत. रस्ता मोकळा असता तर ते चाक भर वेगात गेलं असतं.

हसमुखभाईंनी हब उघडला. ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसता गंज आणि निळे पडलेले रोलर. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आ बेरिंग तो पंदर दिवसथी बोलतुं हशे. कोईए सांभळ्युं नहि?" पंधरा दिवसांपासून आवाज येत असणार, कोणी ऐकला नाही? तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे होतात, त्यांचे ओठ तुम्हाला दिसत नव्हते. तुम्ही बहिरे आहात याचा त्या क्षणी मला आनंद झाला. इतका हलका मी आयुष्यात कधी झालो नाही आणि इतका हलकटही.

हब, बेअरिंग, आतला दांडा, गाडी ओढून आणायचं भाडं, चार दिवस बुडालेला धंदा. खर्च मोठा झाला. मी शाळेच्या पतपेढीतून उचल घेऊन तुम्हाला द्यायला आलो, तर तुम्ही म्हणालात, "तुनं काय चुकनं?" आणि पैसे परत माझ्या खिशात घातलेत. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आक्काने चहा आणला आणि ते राहिलं.

पुढच्या रविवारी गाडी दारात होती. आतून डावं दार उघडून तुम्ही वाट बघत होतात. त्या दिवसापासून तुम्ही मला कधीच विचारलं नाही की आवाज कसा आहे. मी मात्र न विचारता, नव्या खुणा काढून, सगळं सांगायला लागलो. दाराची कडी वाजतेय, डिझेल हलतंय, मागे कुत्रं भुंकतंय. तुम्ही वैतागून एकदा म्हणालात की आता कावळाही सांग. मी भरपाई करत होतो, तुम्हाला काय माहीत. आणि एक सांगायचं राहतं: ड्रायव्हर नको म्हणणारे तुम्ही, त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी आलात की गाडी थांबवून, खाली उतरून, मागे-पुढे बघून मग वळायला लागलात. मागच्या गाड्या शिव्या द्यायच्या. तुम्हाला त्या ऐकू यायच्या नाहीत, हे बरं होतं.

तीन महिने गेले. त्या दुपारी तुम्ही माल टाकून आलात, भाकरी खाल्लीत आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. आक्काने चुलीपासून तीन हाका मारल्या. तुम्ही उत्तर दिलं नाही, म्हणून ती घाबरली नाही. तुम्ही हाकेला कधीच उत्तर देत नव्हतात. तिने भांडी घासली, पाणी भरलं, आणि तासाभराने हात लावून उठवायला गेली. ती हे सारखं सांगते, येईल त्याला सांगते. डॉक्टर म्हणाले की झोपेतच झालं, हाक मारल्याने काही झालं नसतं. तिला ते पटत नाही.

गाडी विकायचं आक्कानेच ठरवलं. हप्ते थांबत नाहीत आणि परका ड्रायव्हर ठेवून तुमची गाडी डोळ्यांसमोर चालवायला ती तयार नाही. काल नवसारीकडचे एक गृहस्थ बघायला आले. भाजीपाला वाहतात, भला माणूस वाटला. चाक फिरवून, टायर दाबून त्यांनी भाव सांगितला, आणि तो आक्काच्या अपेक्षेपेक्षा चांगला होता. आक्काने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. निघता निघता ते मला म्हणाले, "मास्तर, तमे तो साथे बेसता. गाडीमां कंई खामी छे?" तुम्ही तर बरोबर बसायचात, गाडीत काही दोष आहे का?

नाही म्हटलं असतं तर झालं असतं. हात खाली होता तो मी वर उचलत होतो, आडवा. मग मी म्हणालो की तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणते, भरलेली असली की जास्त. तुम्हाला मी ते सांगितलं होतं आणि तुम्ही हंगाम संपल्यावर बघू म्हणाला होतात. गृहस्थांनी एक फेरी मारली, कान दिला आणि पाच हजार कमी केले. पण गाडी घेतली.

ते गेल्यावर आक्का माझ्यावर उखडली. "तुले कोनी इचारं व्हतं?" मी म्हणालो, त्यांनीच विचारलं. ती म्हणाली, पाच हजारांत तुमच्या पोरीची वर्षभराची फी भरून झाली असती. ती खरं बोलत होती. मग माझ्याने राहवलं नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि तिला बेअरिंगचं सगळं सांगितलं. दोन्ही रविवार, आडवा पंजा, सगळं. तुमच्या बायकोला, जिचं कुंकू मी एका रागापायी पणाला लावलं होतं.

आक्का माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "त्यासले मालूम व्हतं."

तिने सांगितलं, बेअरिंगचे पैसे द्यायला तुम्ही हसमुखभाईंकडे गेलात तेव्हा ते तुमच्या समोर उभे राहून, तुम्हाला ओठ दिसतील असे, पुन्हा तेच बोलले होते. पंधरा दिवसांपासून आवाज येत असणार. तुम्ही घरी येऊन आक्काला सांगितलंत की मास्तरनी ऐकेल व्हतं. ती पदर खोचून माझ्या घरी यायला निघाली होती. तुम्ही तिला दारात अडवलंत. "त्याले काही बोलू नको," तुम्ही म्हणालात. "समजनं तं तो लाजी जाई. मंग गाडीमा बसाले येनार नही."

तेरा रविवार, दाजी. त्यानंतर तुम्ही तेरा रविवार माझ्यासाठी आतून दार उघडलंत, आणि एकदाही तुमच्या चेहऱ्यावरून मला कळू दिलं नाहीत. मी समजत होतो की तुम्हाला माझे कान हवे आहेत. ज्या कानांवर भरवसा उरला नव्हता, ते तुम्हाला कशाला हवे असतील? आणि मी मूर्ख, तुम्हाला कुत्र्याचं भुंकणं सांगत बसलो होतो.

आक्का म्हणते, तिथे गेल्यावर माणसाचं शरीराचं काही दुखणं उरत नाही. डोळे, कान, सगळं लख्ख होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण ती म्हणते ते खरं असलं तर आता मला हात हलवायला नको, तुम्ही ओठ बघायला नको. मी उंबऱ्यावर बसून हे लिहिता लिहिता मोठ्याने बोलतोय, शेजारी बघतायत, बघू देत. मी तो आवाज ऐकला होता, दाजी. पहिल्याच रविवारी ऐकला होता, आणि तुम्हाला सांगितलं नाही.